मुक्तेश्वर : हिमशिखरांसमोरची प्रयोगशाळा

उत्तराखंडच्या नैनिताल जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२८६ मीटर उंचीवर मुक्तेश्वर आहे. आकाश निरभ्र असेल तर तिथून नंदादेवी, त्रिशूळ, पंचचुली ही शिखरे दिसतात. प्रवासी त्यासाठीच जातात. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून तुम्हाला मात्र तिथे दुसरा प्रश्न पडायला हवा : गुरांच्या रोगांवर काम करणारी संस्था मैदान सोडून या दुर्गम डोंगरावर का आली?

तिची सुरुवात पुण्यात झाली. डिसेंबर १८८९ मध्ये तिथे ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. त्या काळी गुरांचा सर्वांत मोठा शत्रू होता बुळकांडी रोग. आधी ताप, मग तोंडात व्रण, मग जुलाब आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. बैल मेला की शेतकऱ्याचा नांगर थांबे, मोट थांबे, गाडी थांबे. सरकारची काळजी निव्वळ भूतदयेची होती असे समजू नका. शेतसारा आणि लष्करी वाहतूक यांचाही भार बैलांवरच होता.

रोगावर संशोधन करायचे तर त्याचे विष जिवंत ठेवावे लागते, एका जनावरातून दुसऱ्यात टोचत राहावे लागते. गजबजलेल्या पुण्यात ते बाहेर पडले असते तर? म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा मुक्तेश्वरला हलवली. विरळ वस्ती, आजूबाजूला जंगल, थंड हवा. डोंगर हेच कुंपण झाले. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख तिथे येऊन गेले. त्याच वर्षी ते प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत होते, आणि त्याआधी दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवरच काम करत होते.

पुढे मुक्तेश्वरात रक्तद्रव तयार होऊ लागला. तो टोचल्यावर जनावर वाचे, पण संरक्षण अल्पकाळ टिके. मग रक्तद्रव आणि रोगट रक्त एकाच वेळी टोचण्याची पद्धत आली. तिने प्रतिकारशक्ती टिकाऊ होई, पण खर्च फार, आणि लसीकरणातूनच साथ पसरण्याची भीती. ही कोंडी १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी फोडली. विषाणू शेळीतून शेळीत अनेकदा नेला की गुरांसाठी तो सौम्य होतो, हे त्यांच्या लक्षात आले. आता रक्तद्रवाशिवाय लस देता येऊ लागली. काही नाजूक जातींना ती सोसत नसे, हेही नोंदवायला हवे.

संस्थेच्या इतिहासात संचालकांची नावे ठळक असतात. थंडीत बैल धरणाऱ्या, शेळ्या सांभाळणाऱ्या माणसांची नावे क्वचितच सापडतात. जुने अहवाल वाचताना ही गाळलेली जागा तुम्ही शोधत राहा.

१९५४ मध्ये देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हीच शेळी-लस हाताशी होती. नंतर पेशी-संवर्धनावर वाढवलेली अधिक सुरक्षित लस आली. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले; देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग. संस्थेचे मुख्यालय आता बरेलीजवळ इज्जतनगरला आहे, पण मुक्तेश्वरचा परिसर आजही तिचाच आहे.