स्लाइड, स्कॅनर आणि संवादाची भाषा

शाळेच्या प्रयोगशाळेतले कपाट आवरताना कधीतरी स्लाइडचा जुना डबा हाती लागतो. पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या ५ सेंटिमीटरच्या चौकटी आणि आत २४ × ३६ मिलिमीटरचा फिल्मचा तुकडा. कुठे फुलाचा उभा छेद, कुठे चंद्राच्या कला, कुठे एखादी सहल. प्रोजेक्टर बंद पडलेला असतो. कोडॅकने तर स्लाइड प्रोजेक्टर बनवणे २००४ सालीच थांबवले. फिल्मचे रंग फिके होत जातात, दमट हवेत तिला बुरशीही धरते. मग ही चित्रे संगणकात उतरवावीत असे आपण ठरवतो. संगणकावर लिनक्स असेल तर लगेच प्रश्न पडतो : स्कॅनर कोणता घ्यावा? खोक्यावर बहुधा लिनक्सचे नावही नसते. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छायाचित्र संगणकात उतरवले. चित्र होते किर्श यांच्या तान्ह्या मुलाचे. फिरत्या नळकांड्यावर ते बसवले, त्यावरून परत येणारा प्रकाश मोजला आणि १७६ × १७६, म्हणजे ३०,९७६ बिंदूंत ते बांधले. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हा प्रकाश टिपणारा घटक कल्पिला. त्यासाठी २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा घटकांची ओळच्या ओळ चित्रावरून सरकवली की स्कॅनर झाला. मात्र कागदावरून प्रकाश परावर्तित होतो, तर स्लाइडमधून तो आरपार जावा लागतो. म्हणून साध्या सपाट स्कॅनरने स्लाइड नीट उतरत नाही. झाकणातही दिवा असणारा किंवा खास फिल्मसाठी बनवलेला स्कॅनर लागतो.

हे यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. ‘दिवा लाव’, ‘मोटर इतकी पावले फिरव’, ‘मोजमापे पाठव’ असे हुकूम संगणक देतो. हे हुकूम प्रत्येक यंत्राचे निराळे. आपले काम त्या हुकुमांत मांडणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. कंपनी तो विंडोज आणि मॅकिंटॉशसाठी लिहिते, पण हुकुमांची यादी पुष्कळदा उघड करत नाही.

या अडचणीचा इतिहास लिनक्सच्याही आधीचा आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रामात रिचर्ड स्टॉलमन यांनी अशा वेळी सर्वांना सूचना देण्याची सोय केली होती. नव्याचा मूळ प्रोग्राम मात्र त्यांना मिळाला नाही. हा अनुभव त्यांच्या मनात राहिला आणि १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या दोन्ही प्रयत्नांतून आज आपण वापरतो ती प्रणाली उभी राहिली.

१९९२ साली स्कॅनरसाठी ‘ट्वेन’ हे प्रमाण आले. त्यात ड्रायव्हर आणि पडद्यावरची त्याची खिडकी एकत्र बांधलेली असत. १९९६-९७ च्या सुमारास डेव्हिड मॉसबर्गर आणि सहकाऱ्यांनी लिनक्ससारख्या प्रणालींसाठी ‘सेन’ रचले आणि हे दोन भाग वेगळे केले : यंत्राशी बोलणारा भाग निराळा, माणसाशी बोलणारा निराळा. त्यामुळे एका खोलीतला स्कॅनर दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरून चालवता येऊ लागला. काही कंपन्यांनी माहिती दिली. जिथे ती मिळाली नाही तिथे स्वयंसेवकांनी तारेतून जाणारे संदेश टिपून त्यांचा अर्थ लावला.

आता निवडीकडे वळू. सेनच्या यादीत प्रत्येक यंत्रापुढे ‘पूर्ण’, ‘चांगला’, ‘जुजबी’ किंवा ‘चालत नाही’ अशा अर्थाचा शेरा असतो. खरेदीआधी तो पाहावा, आणि नमुन्याचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवावा. कारण महत्त्व नावाला नसून आतल्या चिपला असते. ‘जेनेसिस’ नावाचा ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीवरूनच ओळखला जातो, आणि एकाहून अधिक कंपन्यांचे स्कॅनर तो चालवतो. उलट, एकाच कंपनीचे जवळच्या क्रमांकांचे दोन नमुने आतून अगदी निराळे असू शकतात. शिवाय मुख्य स्कॅनर चालतो एवढे पुरत नाही. झाकणातला दिवाही लिनक्सवरून पेटतो ना, हे विचारावे.

मग विभेदन. इंचाला ४००० बिंदू धरले तर एका स्लाइडचे ५६६९ × ३७८०, म्हणजे सुमारे २ कोटी १४ लाख बिंदू होतात. किर्श यांच्या चित्राच्या जवळजवळ ७०० पट. जाहिरातीतला मोठा आकडा अनेकदा गणिताने भरलेल्या मधल्या बिंदूंचा असतो. भिंगातून खरे दिसणारे, म्हणजे प्रकाशीय विभेदन तेवढे विचारात घ्यावे. काही यंत्रे अवरक्त किरणांनी धूळ ओळखतात : फिल्मचे रंग हे किरण सोडतात, धूळ अडवते. कृष्णधवल फिल्ममधली चांदीही ते अडवते, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. कोडॅक्रोमवरही ती नेहमी नीट साधत नाही.

निकॉनचे ‘कूलस्कॅन’ स्कॅनर आता बनत नाहीत. तरी त्यांचे हुकूम सेनमध्ये उघडपणे लिहिलेले असल्याने यादीतले जुने कूलस्कॅन नव्या संगणकालाही जोडता येतात. जिथे दुभाष्याचे ज्ञान एकाच कंपनीच्या कपाटात राहते, तिथे कंपनीने लक्ष काढून घेतले की धडधाकट यंत्रही मुके होते.

१९३५ साली निघालेल्या कोडॅक्रोमचे उत्पादन २००९ साली संपले. ती धुणारी कॅन्सासमधली शेवटची प्रयोगशाळाही २०१० च्या अखेरीस थांबली. डब्यातल्या त्या स्लाइड आता पुन्हा निर्माण होणार नाहीत. वरचा बिंदूंचा हिशेब वर्गात मुलांकडून करून घ्या. आणि यंत्र किती बारीक पाहते याबरोबरच, ते आपल्याशी कोणत्या भाषेत बोलते आणि ती भाषा कोणाला येते, हेही त्यांना विचारायला शिकवा.