चार इंचांचा इतिहास

अमेरिकेत पिकअप ट्रक 'लिफ्ट' करणं म्हणजे गाडी कंपनीतून ज्या उंचीवर येते, त्यापेक्षा ती दोन, चार, कधी सहा इंच कायमची वर बसवणं. त्यासोबत बहुतेक वेळा शॉक अ‍ॅबसॉर्बरही बदलतात, आणि कडकपणा किंवा उंची बदलता येईल असे बसवतात. घराच्या गॅरेजमध्ये दोन मित्र मिळून एका शनिवार-रविवारात हे काम उरकतात. वरवर पाहता हा हौशी लोकांचा उद्योग. पण त्यात दोन वेगळे निर्णय एकत्र बांधलेले आहेत, आणि त्या दोघांचे इतिहासही वेगळे आहेत. शॉकचा नॉब फिरवणं शंभर वर्षांहून जुनं आहे. त्याचा परिणाम बराचसा गाडीत बसलेल्यांपुरता राहतो. उंची वाढवण्याचा परिणाम मात्र रस्त्यावरच्या सगळ्यांना भोगावा लागतो.

आधी कोण काय करतं ते पाहू. गाडीचं वजन शॉक पेलत नाही, ते स्प्रिंग पेलते. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि ती ऊर्जा साठवून परत फेकते. अडवणारं कोणी नसेल, तर गाडी पुढचे कितीतरी मीटर झोपाळ्यासारखी खालीवर होत राहील. ही हालचाल मारणं हे शॉकचं काम. गाडीची उछल तो उष्णतेत बदलतो आणि हवेत सोडून देतो. म्हणजे 'धक्का शोषणारा' हे नावच थोडं फसवं आहे. धक्का स्प्रिंग घेते, शॉक फक्त त्याचा हिशोब मिटवतो.

घोडागाड्यांना स्प्रिंग होती, शॉक नव्हता. इंग्लंडमध्ये १८०४ साली ओबादाया इलियट यांनी लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं आणि पाट्यांवर टांगलेल्या हलक्या बग्ग्या पसरल्या. घोड्याच्या वेगाला तेवढं पुरत होतं, कारण पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घर्षणच थोडंफार शॉकचं काम करतं. गंमत म्हणजे पाट्यांना भरपूर ग्रीस लावलं, की करकर थांबते पण गाडी जास्त उसळते. मोटार आली, वेग वाढला आणि हे फुकटचं घर्षण अपुरं पडू लागलं.

उपाय एका फ्रेंच माणसाने काढला. ट्रुफो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घर्षणावर चालणारं एक साधन बनवलं. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी ते घेतलं आणि 'ट्रुफो-हार्टफर्ड' या नावाने विकलं. कात्रीसारखे दोन दांडे, त्यांच्या सांध्यात चामड्याच्या चकत्या, आणि सगळं आवळून धरणारा मधोमध एक नट. एक दांडा चासीला, दुसरा अ‍ॅक्सलला. चाक वर गेलं की कात्री मिटते आणि चकत्या घासतात. नट आवळला की शॉक कडक, सैल केला की मऊ. म्हणजे मोटारींना मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या शॉकमध्येच 'अ‍ॅडजस्टेबल' ही सोय होती. कोणी ती सुविधा म्हणून जाहिरातीत मिरवण्याआधी ती निव्वळ गरज होती: चामडं झिजायचं, पावसात भिजायचं, आणि पाना हातात घेतल्याशिवाय गाडी नीट चालायची नाही.

त्याच काळात क्लीव्हलंड शहरात क्लॉड फॉस्टर नावाचा माणूस मोटारींचे भोंगे बनवत होता. त्याच्या कंपनीचं नाव गॅब्रिएल. पुढे त्याने 'स्नबर' काढला: स्प्रिंगवर गुंडाळलेला एक पट्टा, जो चाक खाली परतताना घर्षणाने त्याला आवरून धरायचा. मराठी वाचकाला हे नाव ओळखीचं वाटेल. १९६१मध्ये गॅब्रिएल इंडिया स्थापन झाली, तिचा कारखाना मुंबईत मुलुंडला उभा राहिला, आणि पुढे चाकण, नाशिकलाही. आपल्याकडच्या कितीतरी दुचाकींखाली आणि गाड्यांखाली जे नाव आहे, त्याची सुरुवात अमेरिकेतल्या एका भोंग्याच्या दुकानात आहे.

आता पिकअप. १९२५ साली फोर्डने मॉडेल टी गाडीच्या मागे कारखान्यातच छोटा हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. त्याआधी शेतकरी आणि दुकानदार स्वतःच मागची बाजू कापून फळ्या ठोकत. या गाडीला पुढे-मागे आडवे पाटे होते, आणि शॉक नव्हतेच. हवे असतील तर बाजारातून आणून लावा. त्यानंतरच्या मॉडेल ए गाडीला फोर्डने हूदाय बनावटीचे द्रवावर चालणारे शॉक दिले. मोरिस हूदाय हेही फ्रेंच. डबीत द्रव, आत फिरणारं पातं, आणि द्रवाची वाट लहानमोठी करणारा बाहेरून फिरवता येणारा स्क्रू. थंडीत द्रव घट्ट होतो, म्हणून तो स्क्रू मोसमानुसार थोडा फिरवायचा. म्हणजे घर्षण जाऊन द्रव आला, तरी नॉब मालकाच्या हातात राहिला.

तो गेला नंतर. नळीच्या आकाराचे, कायमचे बंद केलेले शॉक स्वस्त होते, त्यांना देखभाल लागत नव्हती आणि ते लाखोंनी बनवता येत होते. किती कडक असावं हे कंपनीचा इंजिनिअर एकदाच ठरवणार. मी सॉफ्टवेअर लिहितो. 'डिफॉल्ट' ठरवणं म्हणजे काय हे मला रोज कळतं. बहुतेक लोक सेटिंग बदलत नाहीत, म्हणून जो डिफॉल्ट ठरवतो तोच खरा निर्णय घेतो. आणि बहुतेक मोटारींसाठी तो निर्णय चांगलाच होता. त्याला सन्माननीय अपवाद होते. घोड्यांच्या साजापासून सुरुवात केलेल्या कोनी या डच कंपनीने युद्धानंतरच्या काळात बदलता येणारे शॉक आणले. त्यातल्या साध्या प्रकारात शॉक गाडीतून काढायचा, पूर्ण दाबायचा आणि पिळायचा. ते वापरणारे मुख्यतः शर्यतीवाले आणि वेगाचे शौकीन.

पिकअपची अडचण मात्र वेगळी होती. घरगुती मोटारीत एक माणूस बसला काय आणि चार बसले काय, मागच्या चाकांवरचा भार फार बदलत नाही. पिकअपचा हौदा सकाळी रिकामा असतो आणि दुपारी त्यात अर्धा टन सिमेंट असतं. भरलेल्या गाडीसाठी पाटे कडक केले, तर रिकामी गाडी मागून उड्या मारते. म्हणूनच बहुतेक पिकअप नव्या असताना नाक खाली आणि शेपूट वर अशा उभ्या दिसतात: माल भरल्यावर मागची बाजू दबून सपाट व्हावी म्हणून. एका ठरावीक सेटिंगने दोन्ही वेळा साधणं अवघड, त्यामुळे नॉबची मागणी इथूनच परत येणार हे उघड होतं.

उंचीची गोष्ट दुसऱ्या वाटेने आली. पुढची चाकंही इंजिनाने फिरवायची, तर पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियलचा गोळा येतो, आणि त्याला इंजिनाखाली खालीवर व्हायला जागा लागते. म्हणून फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक उंचच असायचे. डॉजने युद्धातल्या लष्करी ट्रकवरून १९४६मध्ये 'पॉवर वॅगन' विकायला काढली. मिनियापोलिसची नॅप्को कंपनी शेव्हरोले आणि जीएमसीच्या साध्या ट्रकना पुढचा चालता अ‍ॅक्सल बसवण्याचा संच विकायची. १९५९पासून फोर्ड स्वतःच्या कारखान्यात असे पिकअप बनवू लागली. शेतात, जंगलात, बर्फात ही उंची कामाची होती. उंच ट्रक म्हणजे कष्टाचा ट्रक, ही प्रतिमा या वर्षांत घट्ट झाली. ती पुढे विकली जाणार होती.

नॉब परत आणला वाळवंटाने. १९६७मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात तिहुआना ते ला पाझ अशी शर्यत सुरू झाली. खडक, वाळू आणि शेकडो मैल सलग. इथे शॉकचं मूळ काम, म्हणजे उछलीची उष्णता करणं, हेच त्याच्या मुळावर आलं. तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाळलेलं तेल झडपेतून विनाविरोध पळतं. शॉक असूनही नसल्यासारखा. उपाय दोन: एकेका चाकाला एकाहून जास्त शॉक लावा, किंवा तेलाला दाबाखाली ठेवा म्हणजे फेस होणार नाही. दाबाखालच्या वायूचा हा विचार फ्रेंच संशोधक द कार्बों यांचा. जर्मनीच्या बिल्स्टाइनने तो पन्नाशीच्या दशकात मर्सिडीजसाठी कारखान्यात आणला होता. बिल स्ट्रॉप यांनी बांधलेली ब्रॉन्को घेऊन पार्नेली जोन्स यांनी १९७१ आणि १९७२ अशी सलग दोनदा बाहाची शर्यत जिंकली, आणि वाळवंटातलं हे ज्ञान कॅलिफोर्नियाच्या दुकानांत उतरलं. रँचो कंपनीच्या आरएस९००० शॉकवर पाच टप्प्यांचा नॉब होता, पुढच्या आवृत्तीत नऊ. रिकामा ट्रक असेल तर मऊ, मागे ट्रेलर जोडला तर कडक. ट्रुफोच्या नटाने एक मोठी फेरी मारून शेवटी पिकअप गाठला.

आज या दोन्ही गोष्टी एकाच कामात होतात. नव्या पिकअपच्या पुढच्या चाकाला शॉक आणि त्याभोवती गुंडाळी स्प्रिंग असा जोड असतो. काही शॉकच्या नळीवर खाचा असतात. स्प्रिंगची बैठक वरच्या खाचेत बसवली की गाडी वर जाते. शॉक खालच्या दांड्यावर साधारण मध्यावर टेकतो, म्हणून बैठक एक इंच सरकवली की चाकापाशी जवळपास दोन इंच फरक पडतो. स्प्रिंग दाबण्याचं साधन निसटलं तर ती जीव घेऊ शकते, त्यामुळे हा टप्पा बरेच जण गॅरेजवाल्याकडून करून घेतात. मागे सोपा मार्ग म्हणजे पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये धातूचा ठोकळा घालून लांब यू-बोल्ट आवळणं. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, ते ताणलेले असतात. मग चाकांचं अलाइनमेंट, ब्रेकच्या नळ्यांची लांबी, आणि हेडलाइटचा कोन. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि तिचा त्रास समोरून येणाऱ्याला होतो.

इथे दोन इतिहास वेगळे होतात. सत्तरच्या दशकात मिझुरीत फोर-व्हील-ड्राइव्हचं दुकान चालवणाऱ्या बॉब चँडलर यांनी आपली १९७४ची फोर्ड एफ-२५० दुकानाची जाहिरात म्हणून उंच उंच करत नेली. तिचं नाव 'बिगफूट'. १९८१मध्ये तिने भंगारातल्या मोटारी चिरडल्या, आणि 'मॉन्स्टर ट्रक' नावाचा तमाशा जन्माला आला. आता उंचीला जंगलाची किंवा शेताची गरज उरली नाही. मॉलसमोर उभी असलेली उंच गाडीही काहीतरी सांगत होती.

पण उंचीचा हिशोब साधा आहे. गाडी उलटेल का, हे पाहण्यासाठी अमेरिकेची सरकारी यंत्रणा एक गुणोत्तर वापरते: दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा, चाकांमधलं अंतर ६८ इंच आणि गुरुत्वमध्य २८ इंचांवर, उत्तर १.२१. लिफ्टमुळे गुरुत्वमध्य तीन इंच वर गेला, तर उत्तर १.१०. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. दुसरा प्रश्न बंपरचा. अमेरिकेत प्रवासी मोटारींचे बंपर जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात धक्का घेतील असा नियम आहे, पण तो पिकअपना लागू नाही. उंचावलेला पिकअप मोटारीवर आदळला, तर त्याचा बंपर मोटारीच्या बंपरला भेटतच नाही. तो वरून दारावर किंवा काचेवर येतो. पिकअपचा मालक कदाचित सुरक्षित राहील. किंमत दुसरा मोजतो.

म्हणून कायदा शॉकच्या नॉबमागे कधी लागला नाही, उंचीमागे लागला. अमेरिकेत अनेक राज्यांनी बंपरची कमाल उंची ठरवली. अलीकडची फॅशन पुढची बाजू वर आणि मागची खाली ठेवण्याची, 'कॅरोलायना स्क्वाट'. या गाडीत ड्रायव्हरला समोरचा जवळचा रस्ता दिसत नाही, तिथे उभं असलेलं मूलही नाही. नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०२१पासून मागच्या मडगार्डपेक्षा पुढचं मडगार्ड चार इंच किंवा अधिक वर असणाऱ्या गाड्यांना बंदी घातली. साउथ कॅरोलायनानेही २०२३मध्ये तसाच कायदा केला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं. अमेरिकेत उंचीवर मर्यादा, आपल्याकडे मूळ तपशिलापासून ढळण्यालाच मनाई. टोकं वेगळी, काळजी एकच.

दरम्यान नॉब पुन्हा एकदा हातातून निसटतो आहे. फोर्डच्या रॅप्टर पिकअपमध्ये २०१९पासून शॉकचा कडकपणा संगणक ठरवतो; चाक हवेत गेलं की जमिनीला टेकण्याआधीच शॉक कडक झालेला असतो. पानाने हे कधी जमलं नसतं, आणि त्याबद्दल हळहळण्यासारखंही काही नाही. पण असं कुठलंही सॉफ्टवेअर एका ठरावीक उंचीवर, ठरावीक गुरुत्वमध्यावर तपासलेलं असतं. खाली कोणी ठोकळा घातला, तर त्याची गणितं जुन्याच गाडीची राहतात. शॉक किती कडक हवा, हा प्रश्न मालकाने, इंजिनिअरने किंवा यंत्राने, कोणीही सोडवला तरी चालतं. गाडी किती उंच हवी, या प्रश्नाच्या उत्तरात शेजारच्या लेनमधल्या छोट्या मोटारीतल्या माणसालाही मत असायला हवं, आणि त्याला ते द्यायला दुसरी कुठली जागा नसल्यामुळे ते कायद्यात लिहावं लागतं.