एच.आय.व्ही. आणि आईपणाची आस

नवी सून वाकून नमस्कार करते, तेव्हा घरातली वडीलधारी बाई तिला पहिला आशीर्वाद देते तो मुलाबाळांचा. तिची ओटी भरतात तीही त्याच इच्छेनं. पण हीच सून एच.आय.व्ही. बाधित आहे असं कळलं, की तेच घर म्हणतं, ‘आता हिला मूल कशाला?’ आणि आजार लपवला, तर शेजारणी विचारतात, ‘अजून पाळणा कसा हलला नाही?’ अशी दोन्हींकडून तिची कोंडी होते. मूल व्हावं ही आस मात्र रक्ताचा अहवाल पाहून मावळत नाही. या आशेला गेल्या चाळीस वर्षांत जगानं कसं वागवलं, ती हकीकत आज तुमच्यापुढं ठेवतो.

या रोगाची पहिली नोंद अमेरिकेत १९८१ साली झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला. आपल्या देशात तो १९८६ साली चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, प्रथम उघडकीस आला. ते काम डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांचं. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे, तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. पुढं त्यांनी बाधित तरुण-तरुणींची लग्नं जुळवण्यासही हातभार लावला. या माणसांनाही संसार हवा असतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

पण त्या काळी अशी दृष्टी विरळाच. १९८५ साली अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा सल्ला निघाला, की बाधित स्त्रीनं गरोदरपण लांबणीवर टाकण्याचा विचार करावा. भीती अगदीच निराधार होती असं नाही. औषध नसेल, तर शंभरांपैकी १५ ते ४५ बालकांना आईकडून बाधा होते. ती पोटात असताना होते, बाळंतपणात होते, किंवा अंगावरच्या दुधातून होते. परंतु हाच आकडा उलटून पाहा. औषध नसतानाही निम्म्याहून अधिक बालकं बाधेवाचून सुटत होती! मग उरलेल्यांना कसं वाचवायचं, हा खरा प्रश्न होता.

त्याचं उत्तर १९९४ साली मिळालं. अमेरिका आणि फ्रान्समधल्या बायकांना झिडोवुडीन हे औषध गरोदरपणी आणि प्रसूतीच्या वेळी दिलं, बाळालाही दिलं. तेव्हा बाधेचं प्रमाण शेकडा २५ वरून ८ वर आलं. हे औषध महाग होतं. १९९९ साली युगांडातल्या प्रयोगानं दाखवलं, की नेविरॅपीनची एक मात्रा आईला आणि एक बाळाला दिली, तरी धोका जवळजवळ निम्मा होतो. गरिबांच्या दवाखान्यालाही हे परवडणारं होतं. तरी दक्षिण आफ्रिकेचं सरकार ते सगळीकडे देईना. तेव्हा तिथले लोक कोर्टात गेले, आणि २००२ साली घटना-न्यायालयानं सरकारला ते द्यायला लावलं.

आपल्याकडे काय झालं? २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, आणि जगभरचे भाव गडगडले. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधं मिळू लागली. २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला तीन औषधांचा उपचार जन्मभर देण्याचं धोरण आलं. आज वेळेवर तपासणी झाली, गोळी चुकली नाही, बाळंतपण दवाखान्यात झालं आणि बाळालाही औषध मिळालं, तर शंभरांतली पंचाण्णवांहून अधिक बालकं बाधेपासून दूर राहतात.

औषध आलं म्हणून मनं लगेच बदलली असं मात्र नाही. १९९८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं बाधित व्यक्तीचा लग्नाचा हक्क स्थगित मानला होता. ती मतं २००२ च्या डिसेंबरात न्यायालयानंच बाजूला सारली. आफ्रिकेतल्या नामिबियात तर बाधित बायकांची मूल बंद होण्याची शस्त्रक्रिया त्यांच्या खऱ्या संमतीवाचून झाली. तिघीजणी न्यायालयात गेल्या आणि २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. पण गेलेली कूस निकालानं परत येत नाही! आपल्या २०१७ च्या कायद्यानं, बाधित गरोदर स्त्रीचा गर्भपात किंवा नसबंदी तिच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीवाचून करायला मनाई केली. हा कायदा २०१८ च्या सप्टेंबरात अमलात आला.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. मूल हवं म्हणण्याचा तिला हक्क आहे, तसाच नको म्हणण्याचाही आहे. आपल्याकडे कितीतरी बायकांना ही बाधा नवऱ्याकडूनच झाली. वंशाच्या दिव्यासाठी तिच्यावर जबरदस्ती करणं, आणि मूल नको म्हणून तिला दटावणं, या दोन्हींत तिला कोणी विचारतच नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता थोडं तुमच्याशी. असं मूल सहा वर्षांचं झालं की तुमच्याच शाळेत येणार. ते बहुधा बाधित नसेल. असलं, तरी त्या कारणानं प्रवेश नाकारणं हा कायद्यानं मना केलेला भेदभाव आहे. एका बाकावर बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं ही बाधा होत नाही. गावात कोणी बाई दबकत काही विचारू लागली, तर तिला उपदेश करू नका. सरकारी रुग्णालयातल्या सल्ला व चाचणी केंद्राचा रस्ता दाखवा, आणि तिचं नाव आपल्या ओठांबाहेर जाऊ देऊ नका. दिवस राहण्याच्या आधीच ती तिथं पोचली, तर तिचं आणि बाळाचं, दोघांचंही काम सोपं होतं.