शुक्रवारचा रविवार : आखातातल्या ख्रिस्ती कामगारांच्या सणांचा इतिहास

दरवर्षी डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. 'इथे नाताळ करता, हिंमत असेल तर मुस्लिम देशात जाऊन करून दाखवा.' हा मजकूर कोणत्या कारखान्यात तयार होतो हे आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्याचं नवल नाही. नवल याचं, की दोन वर्षांपूर्वी तो आमच्याच एका तरुण कार्यकर्त्याने पुढे पाठवला. निळा झेंडा प्रोफाइलला लावलेला पोरगा! म्हणून हे लिहितो आहोत.

करून दाखवा म्हणता? करून दाखवलेलं आहे, आणि तेही ऐंशी वर्षांहून जास्त काळ. करून दाखवणारे कुणी पाद्री-बिशप नव्हते. ते कारकून, खलाशी, स्वयंपाकी, नर्सेस आणि घरकाम करणाऱ्या बाया होत्या. त्यांचा इतिहास शाळेच्या पुस्तकात नाही, कारण कामगारांचा इतिहास तिथे एरवीही नसतो.

मुळात 'मुस्लिम देश' हा एकच एक देश नाही, एवढं तरी आधी समजून घेऊ. जॉर्डन, इंडोनेशिया, मलेशिया, बांगलादेश इथे 25 डिसेंबरला सरकारी सुटी असते. इजिप्तमध्ये कॉप्टिक पंचांगाप्रमाणे 7 जानेवारीला असते. पाकिस्तानातही 25 डिसेंबरला सुटी असते, कारण तो जीनांचा जन्मदिवस! तिथल्या ख्रिस्ती सफाई कामगाराचा सण राष्ट्रपित्याच्या सावलीत पार पडतो, आणि त्या दिवशीही झाडू कुणाच्या हातात असतो हे वेगळं सांगायला नको. खरा प्रश्न आहे आखाती देशांचा, कारण तिथले बहुतेक ख्रिस्ती बाहेरून पोटासाठी आलेले आहेत.

1932 साली बहरीनमध्ये तेल लागलं. 1938 मध्ये कुवेत आणि सौदी अरेबियात लागलं. तेल कंपन्यांना इंग्रजी लिहिता-वाचता येणारे, हिशेब ठेवणारे, टंकलेखन करणारे लोक हवे होते, तेही स्वस्तात. असे लोक कुठे मिळतील? मुंबईत. त्या काळी आखाताचा ब्रिटिश कारभार हिंदुस्थान सरकारमार्फत चालायचा. बाजारात चलन होतं भारतीय रुपयाचं, आणि ते 1960च्या दशकापर्यंत या ना त्या रूपात टिकलं. एडन तर 1932 पर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली होतं. गोव्याचा माणूस तेव्हा कागदोपत्री पोर्तुगिजांचा प्रजाजन, पण त्याची नोकरीची वाट मुंबईच्या धोबीतलावातून जायची. तिथे गावागावांच्या 'कूड' असत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणीने चालवलेली खोली, पत्र्याच्या पेट्यांची रांग, कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. जहाजावर चढणारा तारवटी पेटी तिथे ठेवून जायचा. परमुलखात सण कसा करायचा याची तालीम आखातात पोहोचण्याआधी या खोल्यांमध्येच झाली होती, असं आमचं मत आहे.

बहरीनच्या मनामा शहरात 1939 मध्ये सेक्रेड हार्ट चर्च उभं राहिलं. जमीन तिथल्या शासकाने दिली. 1965 मध्ये अबुधाबीत आणि 1967 मध्ये दुबईत शेखांनी दिलेल्या जमिनीवर कॅथलिक चर्च झालं. कतारमध्ये मात्र 2008 उजाडावं लागलं, आणि तेही बाहेरून क्रूस नाही, घंटा नाही या अटीवर. तोवर तिथले ख्रिस्ती घरांमध्ये जमून उपासना करत.

या सगळ्या तारखांमध्ये एक गोष्ट समान आहे. जमीन शासकाने 'दिली'. ती मेहेरबानी होती, हक्क नव्हता. आम्ही संविधानाच्या कलम 25 वर वाढलेली माणसं आहोत, त्यामुळे हा फरक आमच्या लगेच डोळ्यात भरतो. दिलेलं परत घेता येतं. म्हणून तिथल्या चर्चच्या आवारात जे काही चालतं ते भिंतीच्या आत, वरचा आवाज न करता. त्या अदबीला काही लोक 'सहिष्णुता' म्हणतात. आम्हाला ती भाडेकरूची अदब वाटते.

पण चर्च मिळालं तरी वार कुठे मिळतो? तिथे आठवड्याची सुटी शुक्रवारी. ख्रिस्ती माणसाचा रविवार हा कामाचा दिवस. मग या लोकांनी काय केलं? रविवारची उपासनाच शुक्रवारी आणली. तोच पाठ, तीच मिस्सा, फक्त वार बदलला. सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक भाषेत मिस्सा : इंग्रजी, कोकणी, मल्याळम, तमिळ, टागालोग, सिंहली, अरबी. कामगारांच्या बसेस आवाराबाहेर उभ्या. नाताळच्या आधी फिलिपिनो लोकांची नऊ दिवसांची उपासना असते. त्यांच्या देशात ती पहाटे, कोंबडा आरवायच्या वेळी होते. आखातात पहाटे शिफ्ट असते, म्हणून ती संध्याकाळी करतात आणि कपड्यांना कामाचा वास असतानाच लोक येतात.

त्यात एक मोठी गंमत घडली. गुड फ्रायडे, म्हणजे दुःखाचा दिवस, नेहमी शुक्रवारीच येतो. त्यामुळे आखातात तो आपोआप सुटीचा झाला. आणि ईस्टर, म्हणजे आनंदाचा दिवस, रविवारी येतो म्हणून तो कामाचा. येशूच्या मरणाला सुटी, पुनरुत्थानाला ड्यूटी! कुणी हे ठरवून केलं नव्हतं, कॅलेंडरनेच केलं. 25 डिसेंबरची तर वेगळीच तऱ्हा. त्या दिवशी दुबईच्या हॉटेलांमध्ये झाडं सजतात, नाताळच्या खास जेवणाचे दर लागतात. ते जेवण शिजवणारा गोव्याचा आणि वाढणारी मनिलाची. ज्यांचा सण तेच त्या दिवशी सर्वांत जास्त राबतात.

इथे आम्हाला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांमध्ये मजूर सातही दिवस राबत होता तेव्हा लोखंड्यांनी आठवड्याची सुटी मागितली, आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे हेही कारण पुढे केलं. 1890 च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळाली. गोऱ्या साहेबाचा चर्चचा वार सत्यशोधकाने खंडोबाच्या नावाने मजुराच्या पदरात पाडला. आखातातल्या ख्रिस्ती मजुराने बरोबर उलट केलं. मुसलमानांच्या जुम्याच्या दिवसात त्याने आपला रविवार बसवला. दोन्हीकडे मुद्दा देवाचा कमी आणि मालकाच्या घड्याळाचा जास्त होता. फरक एवढाच, की लोखंड्यांच्या मजुरांना सभा भरवता आली, अर्ज करता आला. आखातातल्या मजुराला युनियनची वाट बहुतेक ठिकाणी बंदच होती. मालकाला अडवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने देवाचा वार हलवला.

आता सौदी अरेबिया. तिथे एकही चर्च नाही, उघड उपासनेला बंदी आहे. हे खरं आहे आणि झाकायचं आम्हाला काही कारण नाही. 15 डिसेंबर 2011 रोजी जेद्दामध्ये एका खासगी घरात प्रार्थनेला जमलेल्या 35 इथिओपियन ख्रिस्ती लोकांना अटक झाली. त्यातल्या 29 स्त्रिया होत्या. कित्येक महिने डांबून ठेवून पुढे त्यांना देशाबाहेर घालवण्यात आलं. नाताळ दहा दिवसांवर होता. शेजारच्या येमेनमध्ये, त्याच एडन शहरात, मार्च 2016 मध्ये बंदूकधाऱ्यांनी वृद्धाश्रमात शिरून मदर तेरेसांच्या संस्थेच्या चार सिस्टर्सना मारलं. त्यांच्यात एक भारतीय होती.

पण धर्माबरोबर वर्गही बघायला नको का? तेल कंपन्यांच्या भिंतीआडच्या वसाहतींमध्ये पाश्चात्त्य इंजिनियर कुटुंबं वर्षानुवर्षं खासगीत उपासना करत आली, नाताळची झाडंही सजवत आली. धाड पडली ती भाड्याच्या खोलीत जमलेल्या गरीब आफ्रिकन बायांवर. धर्म एकच, पासपोर्ट वेगळा, कातडी वेगळी. जातीच्या समाजातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

आमच्या कामाच्या वस्तीतल्या एक ताई सहा वर्षं आखातात एका घरी कामाला होत्या. आजोबांच्या काळात महारवाड्यातून ख्रिस्ती झालेलं नगर जिल्ह्यातलं घराणं. सहा नाताळांपैकी चर्चमध्ये गेल्या फक्त एकदा. मालकीण वाईट नव्हती, असं त्या आवर्जून सांगतात. फक्त पासपोर्ट मालकाकडे, आठवड्याची सुटी ठरलेली नाही, आणि बाहेर पडायचं तर सोबत कुणीतरी हवं. बाकीचे पाच नाताळ स्वयंपाकघरात, ओट्यावर फोन टेकवून गावाकडच्या चर्चची गाणी ऐकत. यालाच कफाला पद्धत म्हणतात. कामगाराचा व्हिसा, राहणं, नोकरी बदलणं सगळं कफीलच्या हातात. कुवेतने 2015 मध्ये, अमिरात आणि कतारने 2017 मध्ये घरकामगारांसाठी कायदे करून आठवड्याची सुटी लिहून ठेवली. लिहिलेलं आणि मिळालेलं यातलं अंतर आपल्याकडच्या घरकामगार बायांना विचारा.

गंमत अशी, की याच ताई म्हणतात, 'त्या एका नाताळला मी कुणाशेजारी बसले हे कुणी विचारलं नाही.' या वाक्यावर आम्ही बराच विचार केला. गोव्यातल्या काही चर्चमध्ये फेस्त कुणी करायचं, मानाचा झगा कुणी घालायचा हे कोंफ्रारिया नावाची मंडळं ठरवत. ती बामण आणि चाड्ड्यांच्या हातात, शूद्र ठरवलेले ख्रिस्ती बाहेर. कुंकळ्ळीचा वाद तर प्रसिद्धच आहे. आखातातल्या चर्चमध्ये गावची कोंफ्रारिया पोहोचली नव्हती. जो आला त्याचं फेस्त. जात तिथे मेली असं आम्ही म्हणणार नाही. लग्नाची स्थळं आली की ती सामानातून बाहेर निघतेच. पण आखातातला पैसा घेऊन परतलेल्या माणसाने गावात मानाचा प्रश्न विचारायला सुरुवात केली, हे गोव्याच्या अलीकडच्या सामाजिक इतिहासातलं महत्त्वाचं पान आहे.

आणि 'तिकडे करून दाखवा' म्हणणाऱ्यांनी इकडचंही बघावं. 1950 च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. 1956 मध्ये शीख आले. आपल्याला, बौद्धांना, 1990 पर्यंत थांबावं लागलं. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून दाराबाहेर आहेत. ताईंचे भाऊ त्यातच येतात. नाताळची सुटी त्यांना मिळते, जातीचा दाखला मिळत नाही.

आखातात कामाला असलेले आपले बांधवही 14 एप्रिलची जयंती बहुधा 14 एप्रिलला करत नाहीत. सुटीचा वार बघतात, कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये नाहीतर भाड्याच्या हॉलमध्ये जमतात, बाबासाहेबांची तसबीर मांडतात, आवाज बेताचा ठेवतात. वार हलवण्याची युक्ती त्यांनी कुणाकडून घेतली हे विचारायचं आमच्या मनात आहे.

1 जानेवारी 2022 पासून अमिरातीच्या सरकारने शनिवार-रविवारची सुटी सुरू केली आणि शुक्रवार अर्धा दिवस ठेवला. कारण धर्माचं नव्हतं, जगाच्या बाजाराशी वेळ जुळवायची होती. वर्षानुवर्षं शुक्रवारी रविवार करणाऱ्या तिथल्या लोकांना एका फटक्यात खरा रविवार मिळाला. ईस्टर सुटीत आला, गुड फ्रायडे कामात गेला. ताई तेव्हा परत आल्या होत्या. बातमी सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, 'घरकामवाल्यांना पण का?'