परळमधून निघालेली गोळी

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही काही जणी हॉलच्या स्वयंपाकघरात तिळगूळ पुड्यांत भरत होतो. मंडळात नव्यानेच येऊ लागलेल्या एका मैत्रिणीने मला फ्रीजच्या आड ओढले आणि हळूच विचारले, "ताई, तुम्ही केमिस्ट ना? प्रीनेटल व्हिटॅमिनची कोणती बाटली घेऊ? दुकानात अख्खी फळी भरलीय. अजून कुणाला सांगितलं नाहीये हं, सासूबाईंनासुद्धा."

आता आपल्याकडे केमिस्ट म्हणजे औषधांचा दुकानदार. मी ती नव्हे. मी प्रयोगशाळेत रसायने ढवळणारी बाई. पण रेणू ओळखीचा असला की त्याची कुंडली मांडायचा मोह आवरत नाही. तिला त्या दिवशी दोन वाक्यांत उत्तर दिले. उरलेले वाक्यांचे गाठोडे इथे सोडते आहे, कारण या गोळीचा इतिहास आपल्या मुंबईत सुरू होतो आणि तो ठाऊक असला की बाटलीवरचे लेबल वाचणे सोपे जाते.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे तिसरा महिना सरल्याशिवाय बातमी फोडत नाहीत आणि डोहाळजेवण सातव्या महिन्यात. या गोळीतला सर्वांत मोलाचा घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. ते आपले मुख्य काम गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत उरकते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात, ती नळी तेवढ्या दिवसांत मिटलेली असते. ती नीट मिटली नाही तर पाठीचा कणा उघडा राहतो किंवा मेंदूची वाढच होत नाही, आणि नंतर कितीही गोळ्या घेतल्या तरी ती मिटत नाही. मला स्वतःला हे कळले तेव्हा माझा आठवा आठवडा चालू होता. डॉक्टरांची पहिली तारीखच तेव्हाची मिळाली होती, आणि तोवर डॉक्टरेट मिळवलेल्या या बाईने बाटली विकत घेतलेली नव्हती. मुलगा सुखरूप झाला. पण त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

तर मुंबई. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या चाळिशीच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत उतरल्या. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला होता, डॉक्टर झाल्या त्या १९२० मध्ये. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी एका प्रश्नावर काम सुरू केले: गिरणगावातल्या गरीब गरोदर बायका रक्तक्षयाने का मरतात? हा नेहमीचा लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय नव्हता. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान होतात. या बायकांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उलट नको तेवढ्या मोठ्या दिसत, आणि बाळंतपण जवळ येई तसा आजार बळावे.

विल्सबाईंनी फक्त रक्त तपासले नाही. या बायका राहतात कशा आणि त्यांच्या ताटात काय असते, याचीही पाहणी केली. १९३० साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये त्यांचे लेख आले. त्यांतला एक एम. एम. मेहता यांच्यासह आहे, तर मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराच्या आणि राहणीच्या पाहणीचा लेख एस. एन. तळपदे यांच्यासह. तळपदे हे आडनाव वाचून मी क्षणभर थांबले. पाठ्यपुस्तकांत विल्स यांचे नाव येते, तळपदे यांचे येत नाही. पाहणीतून दिसले ते असे की ज्यांच्या जेवणात भाजी, फळे, दूध जवळजवळ नव्हते, त्यांनाच हा आजार अधिक होता, आणि त्यांत गरीब मुसलमान बायका पुष्कळ होत्या.

कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन विल्सबाईंनी उंदरांना त्याच धर्तीचा आहार दिला. उंदरांना रक्तक्षय झाला, पण पुढे लक्षात आले की त्यांना उवांमुळे एक जंतुसंसर्गही झालेला होता, म्हणजे प्रयोगात भेसळ! प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही ही हळहळ समजेल. मग त्या माकडांकडे वळल्या.

तेव्हा काळजाचा म्हणजे लिव्हरचा उपाय नवा होता. अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले होते की 'पर्निशस अनीमिया' या जीवघेण्या रक्तक्षयाचे रोगी रोज भरपूर लिव्हर खाल्ल्याने सुधारतात. पण लिव्हरचा अर्क महाग. विल्सबाईंनी स्वस्त पर्याय म्हणून यीस्टचा अर्क देऊन पाहिला. इंग्लंडमध्ये पावाला फासून खातात तो काळा, खारट, चिकट मार्माइट. ज्यांनी चाखला आहे त्यांना सांगायला नको, ज्यांनी चाखलेला नाही त्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये. पण त्या चमचा-चमचा मार्माइटने गिरणगावातल्या मरणाच्या दारातल्या बायका उठून बसल्या. १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे प्रसिद्ध झाले. मार्माइटमधल्या त्या अनोळखी द्रव्याला लोक 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. ते नेमके काय, हे कळायला आणखी चौदा वर्षे लागली.

या चौदा वर्षांतला कामाचा मोठा भाग इथे अमेरिकेत झाला. १९४१ साली टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक पिळून एक आम्ल चिमूटभर वेगळे केले आणि पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात म्हणून त्याचे नाव ठेवले फॉलिक ॲसिड. (चार टन पालक निवडायला कुणी बसवले होते कोण जाणे!) १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावी लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले, आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव. त्यांचे दोन भाऊ तरुणपणी स्प्रू नावाच्या आतड्याच्या रोगाने गेले होते. त्या रोगात अन्नातले फॉलिक ॲसिड अंगी लागत नाही, आणि नवे औषध आले तेव्हा स्प्रूच्या रोग्यांना त्याने गुण आला. १९२३ साली ते हार्वर्डला शिकायला आले, १९४८ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क परिसरातच वारले. फॉस्फरस मोजण्याची फिस्के-सुब्बाराव पद्धत मी विद्यार्थिनी असताना कितीदा वापरली, पण दुसरे नाव आपल्याकडच्या माणसाचे, हे मला कुणी सांगितले नव्हते.

माहेरी कपाटात फॉलव्हाइटची पिवळी गोळी असायची, ती आठवते ना? फॉलव्हाइट हे लेडर्लेनेच ठेवलेले नाव. पिवळा रंगही त्या द्रव्याचा स्वतःचा. त्याच्या रेणूचा एक भाग ज्या कुळातला आहे ती द्रव्ये प्रथम फुलपाखरांच्या पंखांतल्या रंगात सापडली होती.

इथवर गोष्ट आईच्या रक्ताची. बाळाच्या मज्जारज्जूशी तिचा संबंध इंग्लंडमध्ये हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी १९६५ मध्ये सुचवला. स्मिथेल्स यांनी १९८० मध्ये जीवनसत्त्वांच्या गोळीने फरक पडतो असे दाखवले, पण टीकाकार म्हणाले, गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच जास्त काळजी घेणाऱ्या असतील. म्हणून ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांत १८१७ स्त्रियांवर चाचणी घेतली. या सगळ्या जणींचे आधीचे एक मूल या दोषाने गेलेले किंवा अधू झालेले. कुणाला कोणती गोळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेले. १९९१ मध्ये निकाल इतका स्पष्ट दिसू लागला की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली: फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत दोष आढळला ६ बाळांत, न घेणाऱ्यांत २१. लगेच १९९२ मध्ये हंगेरीत चाइझल आणि दुदाश यांनी असे मूल आधी न झालेल्या चार हजारांवर स्त्रियांच्या चाचणीचा निकाल दिला. जीवनसत्त्वांच्या गोळीच्या गटात एकही बाळ नाही, दुसऱ्या गटात सहा. त्याच वर्षी अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सांगितले की ज्या ज्या स्त्रीला गर्भ राहू शकतो, तिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. राहिल्यावर नव्हे, आधीपासून.

पण निम्म्या वेळा गर्भ ठरवून राहत नाही. म्हणून १९९८ च्या जानेवारीपासून इथे 'एनरिच्ड' पीठ, पाव, पास्ता, तांदूळ यांत फॉलिक ॲसिड घालणे सक्तीचे झाले. यात आपली एक अडचण आहे. देशी दुकानातले पोळ्यांचे गव्हाचे पीठ आणि बासमती सहसा 'एनरिच्ड' नसतात. म्हणजे शेजारणीला सँडविचमधून नकळत मिळते ते आपल्याला वरणभात-पोळीतून मिळतेच असे नाही. डाळी, हरभरे, पालक, मेथी यांत निसर्गतः फोलेट असते, पण आपण ते उकळून उकळून बरेच घालवतो.

आता बाटली. सप्लिमेंटच्या बाटल्या इथे विक्रीपूर्वी सरकार तपासत नाही. १९९४ च्या कायद्याने ती जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे. १९९७ मध्ये मेरीलँडच्या संशोधकांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या तपासल्या, तर बऱ्याच गोळ्यांतले फॉलिक ॲसिड ठरलेल्या वेळेत विरघळतच नव्हते. विरघळले नाही तर अंगी कसे लागणार! २०२३ मध्ये अमेरिकन संसदेच्या लेखापाल कार्यालयाने १२ प्रीनेटल बाटल्या तपासल्या. त्यांतल्या ११ मध्ये लेबलवरच्या आकड्याशी न जुळणारे निदान एक तरी द्रव्य निघाले. म्हणून मी 'यूएसपी व्हेरिफाइड' शिक्का आधी शोधते. किंमत आणि 'नैसर्गिक' ही अक्षरे नंतर.

हल्लीच्या लेबलवर फोलेटपुढे '६६७ एमसीजी डीएफई' असा आकडा दिसतो. घाबरू नका, कंसातले फॉलिक ॲसिड ४०० असले की झाले. 'मिथिलफोलेट'वाल्या महाग बाटल्यांचा गाजावाजा आहे, पण मज्जारज्जूच्या दोषाविरुद्ध चाचण्यांत सिद्ध झालेले रूप साधे फॉलिक ॲसिडच आहे. आयोडीन १५० मायक्रोग्रॅम हवे. २००९ मध्ये पाहिले तेव्हा इथल्या जवळजवळ निम्म्या बाटल्यांवर ते नव्हतेच. व्हिटॅमिन ए मात्र जास्त नको, रेटिनॉल रूपात १०,००० युनिटांवर गेले तर बाळालाच अपाय होऊ शकतो. गोड गमींत बहुधा लोह नसते, आणि कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असू शकते, हे शाकाहारी घरांनी पाहावे. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांकडून फॉलव्हाइट मागवण्याआधी ती ५ मिलिग्रॅमची असते हे लक्षात असू द्या, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट. एवढे मोठे डोस डॉक्टरांनी सांगितले तरच.

आपल्या घरांसाठी सर्वांत मोठी गोष्ट आहे बी-१२. फॉलिक ॲसिड हाती आल्यावर डॉक्टरांनी ते पर्निशस अनीमियाच्या रोग्यांनाही दिले. रक्त सुधारले, पण नसांचा ऱ्हास चालूच राहिला. त्यांना खरी गरज होती ती बी-१२ ची, आणि ते १९४८ मध्ये वेगळे करता आले. भाजीपाल्यात बी-१२ नसते. अंडी-मासे न खाणाऱ्यांची सारी भिस्त दूध-दह्यावर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. त्यांत दोन-तृतीयांश मातांत बी-१२ कमी निघाले, फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांत पुरेसे. २००८ च्या त्यांच्या लेखानुसार ज्या मातांत फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसली. गरोदर बायकांना लोह-फॉलिक ॲसिडची गोळी भारतात १९७० पासून सरकारी दवाखान्यांतून मिळते आहे. तिच्यात बी-१२ नव्हते. म्हणून फॉलिक ॲसिड सोडा असे मी मुळीच म्हणत नाही, फक्त शेजारची ओळ वाचा आणि शाकाहारी असाल तर डॉक्टरांकडे बी-१२ ची रक्तचाचणी मागून घ्या.

हळदीकुंकवाची ती मैत्रीण पुढच्या रविवारी मराठी शाळा सुटताना बाटली पर्समध्ये लपवून घेऊन आली. माझे भिंग आणि तिचे कोवळे डोळे मिळून आम्ही लेबल वाचले. फॉलिक ॲसिड होते, शिक्का होता, बी-१२ होते, आयोडीन नव्हते. झाकण उघडलेले नव्हते म्हणून ती तशीच दुकानात बदलून आणायला गेली. सासूबाईंना तिने अजून सांगितलेले नाही, तेव्हा कुणी नाव विचारू नये.