निळा मासा आणि टाकलेले बी

मंडळी, पैनगंगेच्या डोहातला किंवा अडाणच्या पात्रातला मरळ मासा आपल्या वाशीम भागातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. पाण्याबाहेर काढला तरी तो लवकर मरत नाही. उन्हाळ्यात डोह आटून चिखल होतो, बाकीचे मासे उलटे होतात, पण मरळ तग धरून असतो. याचे कारण असे की, तो मधूनमधून पृष्ठभागावर येतो आणि आपल्यासारखाच हवेतून श्वास घेतो. दुसरी गोष्टही तुम्ही पाहिली असेल. त्याच्या तांबूस पिलांचा घोळका पाण्यावर चालला की मायबाप खालून राखण करीत असतात. जवळ जाणाऱ्या हातावर धावून जायलाही ते कमी करीत नाहीत.

या मरळचा एक दूरचा भाऊबंद सियाम देशात, म्हणजे आजच्या थायलंडात, भाताच्या बांध्यांत राहतो. लांबी फार तर दोन-अडीच इंच. तोही हवा पितो, तोही पिले राखतो, पण त्याचा राग मात्र मरळपेक्षा जबर. दोन नर समोरासमोर आले की कल्ले फुगवतात, पर पसरतात आणि एकमेकांचे लचके तोडू लागतात. तिकडचे लोक त्याला 'प्ला-कट' म्हणजे चावरा मासा म्हणतात. आपल्या शहरांतले दुकानदार त्यालाच 'फायटर' म्हणून काचेच्या बरणीत विकतात. या माशाला माणसाने हवा तो रंग कसा आणला, आणि एका निळ्या रंगाने त्याला कसे चकविले, त्याची ही हकिकत आहे. हकिकत माशाची असली तरी तिच्यातले मर्म आपल्या बियाण्याच्या पोत्यापर्यंत येऊन पोहोचते.

जनावरे झुंजविण्याची हौस कोणा एका देशाची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगितल्या आहेत. त्यांत कोंबड्यांच्या, लाव्यांच्या आणि एडक्यांच्या झुंजी आहेत. आपल्याकडे कोंबडा, तसा सियाममध्ये हा मासा. माणसाने तो पाळायला कधी सुरुवात केली? २०२२ साली शास्त्रज्ञांनी पाळीव आणि रानटी माशांचे आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिले, तेव्हा निदान एक हजार वर्षांपासून हा मासा माणसाच्या हाताखाली असल्याचे दिसून आले. शेतातला मासा काही मिनिटांत माघार घेतो. पिढ्यान्‌पिढ्या निवडून पाळलेला मात्र तासन्‌तास झुंजतो. चिवट नर ठेवायचा आणि पळपुटा सोडून द्यायचा, एवढ्याच रीतीने हा फरक पडला.

पुढे सियामचा राजा तिसरा राम याने, ज्याची कारकीर्द १८२४ ते १८५१ अशी झाली, आपल्याजवळचे काही मासे एका गृहस्थाला भेट दिले. त्याच्याकडून ते थिओडोर कँटर या डॉक्टरच्या हाती आले. कँटर जातीने डॅनिश, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या वैद्यकीय खात्यात नोकरीला होता. त्याने या माशाची माहिती १८४९ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत छापली. म्हणजे पाहा, या माशाची शास्त्रीय ओळख आपल्याच देशातून जगाला झाली. कँटरने लिहून ठेवले आहे की झुंजी लावण्याचा परवाना मक्त्याने दिला जाई आणि त्यातून राजाला चांगला वसूल येई. लोक पैसे तर लावीतच, पण प्रसंगी स्वतःला आणि बायकामुलांनाही पणाला लावीत. धर्मराजाची द्यूतसभा आठवावी असाच हा प्रकार! आपल्या देशात आता प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास मनाई करणारा १९६० चा कायदा आहे आणि प्राणी झुंजविणे हा त्याप्रमाणे गुन्हा आहे.

कँटरने दिलेले नाव दुसऱ्याच एका माशाचे होते, हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील टेट रेगन यांच्या ध्यानात आले. त्यांनी १९१० मध्ये या माशाला 'बेट्टा स्प्लेंडेन्स' असे नाव दिले. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. नाव बदलले आणि जणू माशाचे नशीबही बदलले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो फ्रान्स-जर्मनीत गेला होता, पुढे अमेरिकेत गेला. तिथल्या लोकांना त्याच्या झुंजीपेक्षा त्याचे रूप अधिक आवडले. आता निवड होऊ लागली ती दातांची नव्हे, रंगाची.

रानातला हा मासा मळकट, शेवाळी-तपकिरी असतो. राग आला म्हणजे तेवढा क्षणभर उजळतो. पण त्या मळकट कातडीत रंगांचे थर एकाखाली एक दडलेले असतात. काळा, तांबडा आणि पिवळा हे खरे रंग, म्हणजे रंगद्रव्ये. निळा आणि हिरवा मात्र रंगद्रव्यच नव्हे. कातडीत अतिशय बारीक स्फटिकांचे पापुद्रे असतात. त्यांवरून उजेड परततो, तो निळा किंवा हिरवा दिसतो. दसऱ्याला आपण ज्याचे दर्शन घेतो त्या नीळकंठाचे पंख आणि मोराचे पीस यांची गोष्टही अशीच आहे. मोरपीस कुटून पाहा, निळी पूड मिळणार नाही, तपकिरीच मिळेल.

कधी एखादा थर नाहीसा होतो आणि नवेच रूप बाहेर येते. १९२७ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील फ्रँक लॉक यांच्याकडे सियामहून मासे आले. त्यांत काहींचे अंग फिक्कट आणि पर लालभडक होते. त्यांना वाटले, ही नवीच जात सापडली, आणि त्यांनी तिला 'बेट्टा कंबोडिया' असे नाव देऊन टाकले. पुढे कळले की जात तीच, फक्त अंगाचा काळा थर गेलेला आहे. रंगाने मोठमोठे जाणकारही फसतात ते असे.

आता पैदाशीची रीत पाहू. नर पाण्यावर लाळेच्या बुडबुड्यांचे फेसाळ घरटे बांधतो. मादी त्याच्याजवळ आली की तो तिला अंगाचा विळखा घालतो आणि अंडी खाली पडू लागतात. नर ती एकेक तोंडात धरून घरट्यात नेऊन चिकटवतो. त्यानंतर मादीला बाहेर काढावे लागते, नाहीतर तो तिला जगू देत नाही. दीड-दोन दिवसांत पिले फुटतात, आणि आणखी दोन-तीन दिवसांनी ती पोहू लागली की बापालाही बाजूला करतात. अडीच-तीन महिन्यांत नर एकमेकांना चावू लागतात, मग प्रत्येकाला वेगळी बरणी. सियामी लोक पाण्यात एक वाळलेले पान टाकतात. ते पान कसले म्हणाल? आपल्या शाळांच्या पटांगणात जो देशी बदाम असतो, त्याचेच!

एका जोडीपासून काही शे पिले मिळतात, त्यामुळे रंगाचा हिशोब मांडायला हा मासा फार सोयीचा आहे. हौशी लोकांना सर्वांत हवा होता तो गडद निळा मासा. त्यांनी निळा नर घेतला, निळी मादी घेतली. पिले मोठी झाली, तर निळी निघाली निम्मीच. उरलेल्यांत काही हिरवी, काही पोलादासारखी राखी-निळी. पुन्हा त्यांतले निवडक निळे घेऊन जोडी लावली, तर पुन्हा तेच. गहू चाळून स्वच्छ करावा आणि पुढच्या वर्षी त्यात तेवढेच खडे निघावेत, तसे झाले. पाणी बदला, खाणे बदला, जोडी बदला, निळ्याचे निळे काही होईना.

याचा उलगडा १९३४ मध्ये गुडरिच आणि मर्सर या दोन अमेरिकन संशोधकांनी छापला. त्यांनी दाखविले की हिरवा शुद्ध आहे, पोलादीही शुद्ध आहे, आणि निळा हा त्या दोहोंच्या मिश्रणाने झालेला आहे. प्रत्येक माशाला या रंगाची एक खूण बापाकडून आणि एक आईकडून मिळते. दोन्ही खुणा हिरव्या असतील तर मासा हिरवा, दोन्ही पोलादी असतील तर पोलादी. एक हिरवी आणि एक पोलादी आली तरच मासा निळा. आपल्या अंगणातल्या गुलबक्षीचे असेच असते. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला की फुले गुलाबी येतात, आणि त्या गुलाबीचे बी लावले की लाल, गुलाबी, पांढरी अशी तिन्ही येतात. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक, जर्मनीचे कॉरेन्स, यांनी गुलबक्षीवरच हे तपासले होते.

शिक्षकबंधूंना हे वर्गात सहज दाखविता येईल. दोन गाडगी घ्या. प्रत्येकात पन्नास मूग आणि पन्नास उडीद टाकून कालवा. एक गाडगे निळा बाप, दुसरे निळी आई. मुलाने डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा काढावा. दोन्ही मूग आले तर हिरवा मासा, दोन्ही उडीद आले तर पोलादी, एक मूग आणि एक उडीद आला तर निळा. फळ्यावर खूण करावी आणि दाणे परत टाकावेत. असे शंभर वेळा केले की सुमारे पंचवीस हिरवे, पन्नास निळे आणि पंचवीस पोलादी मिळतील. आकडा थोडा मागेपुढे होईल, पण फार ढळणार नाही.

आता खरी गंमत ऐका. एका गाडग्यात नुसते मूग ठेवा आणि दुसऱ्यात नुसते उडीद. कितीही वेळा काढा, प्रत्येक खेपेला एक मूग, एक उडीद. म्हणजे हिरवा आणि पोलादी यांची जोडी लावली की झाडून सगळी पिले निळी! हौशी माणूस निळ्याच्या नादात ज्या हिरव्या-पोलादी पिलांना उणे समजून बाजूला काढी, त्यांच्याच पोटी त्याला हवी असलेली सगळी निळाई होती. ठेवणीचे बी टाकलेल्या ढिगात होते, आणि तो चांगल्या ढिगात शोधत होता.

शेतकरी बंधूंना यात काही ओळखीचे वाटले असेल. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली, १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला. पहिल्या वर्षी पीक एकसारखे, भरघोस. म्हणून घरचेच बी राखून पुढच्या वर्षी पेरावे, तर एक ताट उंच, एक बुटके, एक लवकर निसवलेले, एक मागे राहिलेले. बापजाद्यांची रीत अशी की उत्तम कणीस बियाण्याला राखावे. ती रीत देशी वाणात खरी होती, आजही खरी आहे. मग इथे ती का फसते? दोष जमिनीचा नाही आणि राखणाऱ्या हाताचाही नाही. संकरित बियाणे म्हणजे आपला निळा मासा. तिथे एका रंगाचा प्रश्न होता, इथे कितीतरी गुणांचा, एवढाच फरक. दर साली नर वाण आणि मादी वाण वेगळे राखून नव्याने संकर करावा लागतो. म्हणून ज्याच्या हाती ते दोन मूळ वाण असतात, त्याच्याच हाती बियाण्याची किल्ली असते. पेरणीच्या आधी आपल्याजवळचे बी शुद्ध वाणाचे की संकरित, हे विचारून घेणे किती अगत्याचे आहे, ते यावरून कळेल.

रंगाची हौस पुढे फार वाढली. २०१६ मध्ये थायलंडच्या झेंड्याचे तांबडा, पांढरा आणि निळा हे तिन्ही रंग अंगावर असलेला एक मासा लिलावात ५३,५०० बाथला विकला गेला. आपल्या पैशात ती रक्कम लाखभर रुपयांच्या घरात जाते. २०१९ मध्ये त्या देशाने या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

परंतु या हौसेची किंमत मासाही भरतो. लांबच लांब परांची जात इतकी भारी झाली की तिला धड पोहता येत नाही. चकाकणाऱ्या जाड खवल्यांच्या एका प्रकारात ते खवले डोळ्यांवर वाढून मासा आंधळा होतो. माणूस एकाच गुणावर डोळा ठेवून निवड करू लागला की दुसरे गुण हातातून कधी निसटले ते त्याला कळत नाही. बैलाच्या बाबतीतही नुसता रंग आणि शिंगे पाहून वळू ठेवणारा आणि खांदा, खूर, चाल पाहून वळू ठेवणारा यांत आपण फरक करतोच की!

कोणाच्या घरी मुलांनी असा मासा आणलाच, तर त्याला मोठ्या भांड्यात, एकटा ठेवावा. आपल्याकडच्या हिवाळ्यात पाणी फार गार होऊ देऊ नये. कंटाळा आला म्हणून त्याला गावच्या तळ्यात सोडू नये. तो परका आहे, आणि तिथे मरळ व इतर मासे आधीच नांदत आहेत.

मंडळी, तो निळा मासा हजार वर्षांपासून माणसाच्या बरणीत फिरत होता. त्याचे गुपित उघडायला मोठी यंत्रे लागली नाहीत. सगळी पिले मोजली, टाकाऊ म्हणून बाजूला काढलेलीही मोजली, आणि जे दिसले ते वहीत मांडले. आपल्या वावरातही चांगल्या ताटाबरोबर वाईट ताट मोजण्याची सवय लावून घ्यावी. काय टाकले ते ठाऊक असल्याशिवाय काय राखले ते खरे कळत नाही.