वीज धरून ठेवणारा पापुद्रा

डोसा चिकटू नये म्हणून ज्याचा थर तव्यावर देतात, तो टेफ्लॉन आपल्या सर्वांच्या ओळखीचा. पण याच टेफ्लॉनने मायक्रोफोन स्वस्त केला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

जुन्या टेलिफोनच्या मायक्रोफोनमध्ये कोळशाचे कण असत. बोललं की पडदा हलायचा, कण दाबले जायचे आणि वीज कमी-जास्त व्हायची. आवाज पोचायचा, पण खरखरीसकट. १९१६ मध्ये अमेरिकेत ई. सी. वेन्टे यांनी कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला. ताणलेला पातळ पडदा, मागे धातूची तबकडी आणि दोन्हींमध्ये विद्युतभार. आवाज स्वच्छ, मात्र तो भार राखायला बाहेरून मोठ्या दाबाची वीज द्यावी लागे. स्टुडिओला हे परवडलं, घराघराला नाही.

लोहचुंबक जसा चुंबकत्व धरून ठेवतो, तशी वीज धरून ठेवणारा पदार्थ मिळाला तर? अशा पदार्थाला ऑलिव्हर हेविसाइड यांनी एकोणिसाव्या शतकातच ‘इलेक्ट्रेट’ असं नाव दिलं होतं. जपानच्या मोतोतारो एगुची यांनी १९२० च्या सुमारास मेण आणि राळ वितळवून, विजेच्या दाबाखाली गार करून तो बनवलाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने असे मेणाचे मायक्रोफोन वापरले. पण दमट हवेत त्यांचा भार ओसरून जाई.

कोडं सुटलं ते १९६२ मध्ये, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. गेरहार्ड सेसलर हे जर्मन, तर जेम्स वेस्ट व्हर्जिनियात जन्मलेले कृष्णवर्णीय. विज्ञान शिकलेल्या कृष्णवर्णीयाला नोकरी कोण देणार, ही वेस्ट यांच्या घरच्यांची चिंता! या दोघांनी एका बाजूला धातूचा थर असलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा विद्युतभारित करून पडदा म्हणून ताणला. त्यासाठी टेफ्लॉन उत्तम ठरलं. १९३८ मध्ये योगायोगाने सापडलेला हा पदार्थ भार वर्षानुवर्षं सोडत नाही. मोठ्या दाबाच्या विजेची गरजच संपली. टेपरेकॉर्डर, टेलिफोन, श्रवणयंत्रं यांत हे चिमुकले मायक्रोफोन कोट्यवधींच्या संख्येने बसले.

आजच्या मोबाइलमध्ये बहुतेक करून सिलिकॉनचा मायक्रोफोन असतो. त्या वाटेवरचं सुरुवातीचं पाऊलही सेसलर यांचंच. १९८३ मध्ये डार्मस्टाट इथे त्यांनी सहकाऱ्यासह सिलिकॉनचा मायक्रोफोन करून दाखवला.

कल्पना केव्हाच दारात उभी होती. तिला हवा तसा पदार्थ मिळेपर्यंत मात्र काही दशकं थांबावं लागलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)